गर्भिणीचा आजार व अर्भकाचें व्यंग : जुन्या नोंदवह्यांतील एक पुरावा

इतिहाससंशोधकाच्या हातीं एखादें जुनें दप्तर आलें म्हणजे तो प्रथम सनदा, महजर, करीने व खासगी पत्रें यांजकडे वळतो, आणि तें स्वाभाविकच आहे. ज्या कागदांत मोहिमेचा उल्लेख नाहीं, कोणा मुत्सद्द्याचें नांव नाहीं, ज्यांत केवळ एकाखालीं एक नांवें, वयें व तारखा मांडिल्या आहेत, असे हजेरीपट व याद्या रुमालाच्या तळाशीं राहतात आणि बहुधा कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडतात. अशा कागदांची किंमत काय असूं शकते, याचें एक उत्कृष्ट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत आहे. गर्भिणीस झालेल्या सांसर्गिक रोगाचा तिच्या उदरांतील अर्भकावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा एक मोठा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यास झाला. त्याचा आरंभ एका नेत्रवैद्याच्या खोलींत झाला; परंतु त्याच्या पुराव्याचा एक फार बळकट भाग खानेसुमारीच्या कोष्टकांत आणि मुक्याबहिऱ्यांच्या शाळेच्या पटावर चाळीस वर्षें न वाचलेला असा पडून होता. ती हकीकत येथें द्यावयाची आहे.

प्रथम मातेचा विचार करूं. सूतिकाज्वर हा बाळंतिणीचा काळच होता. तो एकीकडून दुसरीकडे नेला जातो, हें स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहराचा वैद्य अलेक्झांडर गॉर्डन यानें १७९५ सालीं छापलेल्या आपल्या निबंधांत दाखविलें. १७८९ च्या अखेरीपासून १७९२ च्या आरंभापर्यंत त्या शहरांत या ज्वराची सांथ होती. गॉर्डननें आपल्या ७७ रोगिणींची यादी केली. त्यांपैकीं २८ दगावल्या. यादींत रोगिणीचें नांव व आजाराची तारीख यांच्याबरोबर एक रकाना त्यानें असा ठेविला कीं, बाळंतपण कोणीं केलें. तो रकाना वरून खालीं वाचतांच निर्णय झाला. ठराविक सुइणी ज्या ज्या घरीं गेल्या त्या त्या घरीं ज्वर गेला. आणि आपण स्वतःही कित्येक स्त्रियांकडे तो नेला, हें गॉर्डननें लिहून ठेविलें. या स्पष्टपणाचें बक्षीस म्हणून लोक त्याच्यावर उलटले. पुढें व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळांत इग्नाझ सेमेलवाइस यानें १८४७ सालीं क्लोरीनच्या द्रावणानें हात धुण्याचा नियम घातला. त्याचा ग्रंथ १८६१ चा आहे. त्या ग्रंथांतही खरें बळ कोष्टकांचें आहे. इस्पितळाच्या १७८४ पासूनच्या प्रसूतींचे व मृत्यूंचे आंकडे त्यानें वर्षवार मांडिले, आणि १८२३ च्या सुमारास शवविच्छेदनाचा अभ्यास नियमित सुरू झाल्यापासून मृत्यूचें प्रमाण कसें चढलें, तें दाखविलें. तेंच इस्पितळ, तेंच शहर. बदलले ते प्रेतें हाताळून येणाऱ्यांचे हात.

या दोन्ही प्रकरणांत एक सोय होती. संसर्ग व मृत्यु यांच्यामध्यें अंतर चार-आठ दिवसांचें. कारण व कार्य एकाच वहींत, कधीं एकाच पानावर सांपडत असे. अर्भकाचें प्रकरण याहून फार बिकट. गर्भिणी दुसऱ्या महिन्यांत तीन दिवस तापते व बरी होते. मूल सात महिन्यांनीं जन्मतें. तें ऐकत नाहीं ही गोष्ट आईबापांच्या ध्यानांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं येते, व त्याचें नांव सरकारी किंवा शाळेच्या कागदावर प्रथम चढतें तें सहाव्या-सातव्या वर्षीं. तोंपर्यंत त्या तीन दिवसांच्या तापाची आठवण आईखेरीज कोणास असणार? आणि आईला तरी तिच्या आठवणीबद्दल विचारतो कोण?

ज्या रोगामुळें हा प्रश्न उघडकीस आला त्यास आपल्याकडे जर्मन गोवर किंवा रुबेला म्हणतात. तो नेहमींच्या गोवराहून सौम्य. अंगावर बारीक तांबूस पुरळ, मानेमागच्या गांठींस सूज, थोडा ताप, आणि तीन दिवसांत सारें निवळतें. जर्मन वैद्यांनीं त्याचें वर्णन प्रथम केलें म्हणून तें नांव. ‘रुबेला’ हें लॅटिन नांव मात्र हेन्री व्हील नांवाच्या तोफखान्याच्या लष्करी डॉक्टरानें १८६६ सालीं सुचविलें, आणि तें सुचवितांना त्याच्यासमोर हिंदुस्थानांतील एक सांथ होती, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. जर्मन नांव उच्चारास कठीण आहे, अशी त्याची तक्रार. पुढें १८८१ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत हा रोग गोवर व आरक्तज्वर यांहून निराळा मानला गेला. तरीही त्याची गणना क्षुल्लक रोगांतच राहिली. ज्या रोगानें कोणी मरत नाहीं त्याची नोंद ठेवण्याची तसदी फारसें कोणी घेत नसे.

१९४१ च्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील सिडने शहरीं नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग या नेत्रवैद्याकडे जन्मतःच मोतीबिंदु असलेलीं अर्भकें नेहमींपेक्षां कितीतरी अधिक येऊं लागलीं. मुलें अशक्त, दूध नीट न घेणारीं; पुष्कळांच्या हृदयांतही जन्मजात दोष. तत्कालीन समजूत अशी कीं, जन्मजात व्यंग म्हणजे कुळाचें बीजगत वैगुण्य. पण परस्परांशीं कांहीं नातें नसलेल्या इतक्या कुळांचें बीज एकाच वर्षीं कसें बिघडलें? त्याच्या खोलीबाहेर बसलेल्या दोन माता आपापसांत बोलत होत्या, गरोदरपणीं आपणांस जर्मन गोवर आला होता असें त्यांच्या बोलण्यांत आलें, आणि तें ग्रेगच्या कानीं पडलें, अशी हकीकत सांगतात. हकीकत सांगोवांगीची आहे व तशीच ती घ्यावी. परंतु ग्रेगनें पुढें केलेली कालगणना त्याच्या निबंधांतच आहे, आणि ती पुराभिलेख वाचणाराच्या पद्धतीची आहे.

डोळ्यांतील भिंग कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणें वाढतें. नवा थर बाहेरून चढतो, मधला गाभा सर्वांत जुना. या अर्भकांच्या भिंगाचा गाभाच गढूळ झालेला होता. म्हणजे अपाय झाला तो गर्भाच्या अगदीं पहिल्या काळांत. अक्षरवटिकेवरून आपण ताम्रपटाचा काळ ठरवितों, त्यांतलाच हा प्रकार. मग मुलांच्या जन्मतारखांवरून मागें मोजतां, त्या मातांच्या गरोदरपणाचे आरंभींचे महिने १९४० सालच्या जर्मन गोवराच्या मोठ्या सांथीच्या ऐन भराशीं जुळले. युद्धामुळें तरुण माणसें छावण्यांत एकत्र आलीं होतीं. कित्येक वर्षांत मोठी सांथ न आल्यामुळें बाळपणीं हा रोग न झालेलीं प्रौढ माणसें पुष्कळ होतीं, व त्यांत तरुण विवाहित स्त्रियाही होत्या. ग्रेगनें आपल्या व्यवसायबंधूंस पत्रें पाठवून अशीं ७८ अर्भकें गोळा केलीं. त्यांपैकीं ६८ जणांच्या मातांनीं गरोदरपणीं हा रोग झाल्याचें सांगितलें, व तोही बहुतेकींना पहिल्या एक-दोन महिन्यांत. १५ आक्टोबर १९४१ रोजीं मेलबर्न येथें नेत्रवैद्यांच्या सभेंत त्यानें हा निबंध वाचला.

निबंधाचें स्वागत मिश्र झालें. ऑस्ट्रेलियांत १९४३ सालीं चार्ल्स स्वॉन व त्याचे सहकारी यांनीं स्वतंत्र चौकशी करून ग्रेगच्या म्हणण्यास पुष्टि दिली, आणि नेत्र व हृदय यांच्या जोडीला बहिरेपणाचीही भर घातली. ग्रेगची अर्भकें इतकीं लहान होतीं कीं, तीं ऐकतात कीं नाहीं हें त्याला प्रथम कळणेंच शक्य नव्हतें. उलट लंडनच्या ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यक साप्ताहिकानें १९४४ सालीं ग्रेगचें म्हणणें सिद्ध झालें असें मानण्यास नकार दिला. आक्षेप अगदींच पोरकट नव्हता. आंधळें मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘गरोदरपणीं तुला पुरळ आलें होतें काय?’ असें विचारलें तर ती आठवून आठवून ‘होय’ म्हणण्याचा संभव अधिक. निरोगी मुलाच्या आईला कोणी विचारतच नाहीं. घटनेनंतर लिहिलेल्या बखरीवर आपण जो आक्षेप घेतों तोच हा. समकालीन कागद दाखवा, असें टीकाकारांचें खरें म्हणणें होतें.

तो समकालीन कागद १९५१ सालीं पुढें आला, व तो आणणारा मनुष्य रोगी तपासणारा नव्हता. हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर हा सिडने येथील वैद्यकीय आंकडेशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियाच्या खानेसुमारींत मुक्याबहिऱ्यांची गणती वयोगटांप्रमाणें छापलेली आहे. तीं कोष्टकें त्यानें काढलीं. १९११ च्या खानेसुमारींत १० ते १४ वर्षांच्या गटांत बहिऱ्यांची संख्या शेजारच्या गटांपेक्षां ठळकपणें अधिक दिसते. केवळ एवढ्यावर थांबलें तर त्याचा सरळ अर्थ असा करतां येईल कीं, त्या वयांत मुलें शाळेंत असतात म्हणून गणती पुरी होते. धाकटीं राहून जातात. परंतु १९२१ ची खानेसुमारी पाहावी तर तोच फुगवटा २० ते २४ च्या गटांत गेलेला! गणतीचा दोष असता तर तो वयाला चिकटून राहिला असता. तो माणसांबरोबर दहा वर्षें पुढें चालत गेला; अर्थात् तो त्या माणसांच्या जन्मवर्षांशीं बांधलेला आहे. पुढें लँकेस्टरनें बहिऱ्यांच्या संस्थांचे प्रवेशपट पाहिले. त्यांतील मुलांची जन्मवर्षें एकत्र मांडतांच १८९९ हें वर्ष डोंगरासारखें वर आलें. नंतरच्या कांहीं वर्षांचेही उंचवटे दिसले व शेवटीं १९४०-४१ चा. या जन्मवर्षांची सांगड त्यानें जर्मन गोवराच्या सांथींशीं घातली. बहिरेपणा हा ऑस्ट्रेलियांत सांथीचा रोग होता, अशा आशयाचा मथळाच त्यानें आपल्या निबंधास दिला आहे.

येथें जरा थांबून या पुराव्याची जात पाहण्याजोगी आहे. १८९९ सालीं जन्मलेलें मूल शाळेंत घालतांना ज्या कारकुनानें पटावर जन्मतारीख लिहिली, त्याला ग्रेग ठाऊक नव्हता, रुबेलाचा गर्भाशीं संबंध ठाऊक नव्हता, व कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें. त्याच्या लेखणींत पक्षपात शिरण्यास जागाच नव्हती. मातांच्या स्मरणावरील आक्षेप या पटास लागू पडत नाहीं. ग्रेगच्या मातांनीं सांगितलेलें खरें होतें, हें त्यांच्या जन्माआधींच्या अथवा त्यांच्या बाळपणींच्या कागदांनीं सिद्ध करण्यास मदत केली. दुसरी गोष्ट अशी कीं, हाच पट दाखल तारखेच्या क्रमानें वाचला असता तर कांहीं दिसलें नसतें. कोणतें मूल सहाव्या वर्षीं शाळेंत येतें, कोणतें दहाव्या. त्यामुळें १८९९ चीं मुलें पांच-सहा वर्षांच्या प्रवेशांत पसरून जातात व उंचवटा विरघळतो. जन्मवर्षाच्या रकान्यानें वाचतांच तो उभा राहतो. तिसरी गोष्ट, अशा वह्यांत ‘व्यंगाचें कारण’ असा रकाना असला तर त्यावर फारसा विश्वास टाकूं नये. तेथें बापाची किंवा डॉक्टरची समजूत उतरलेली असते. लिहिणाराला ज्याचें महत्त्व कळत नव्हतें तोच रकाना बहुधा अधिक विश्वसनीय असतो. शकावल्या व जमाखर्चाचे कागद वाचणाऱ्यांस हें सांगावयास नको.

पुढील प्रगति प्रसिद्ध असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. १९६२ सालीं अमेरिकेंत दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें या रोगाचा विषाणु वेगळा करण्यांत आला. १९६४-६५ च्या सांथींत त्या एका देशांत सुमारें १ कोटि २५ लक्ष लोकांस हा रोग झाला व सुमारें २० हजार अर्भकें व्यंग घेऊन जन्मलीं. गर्भपात व मृतजन्म निराळेच. १९६९ सालीं तेथें लस वापरांत आली. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भिणीस संसर्ग झाल्यास दहांपैकीं आठ-नऊ अर्भकांस अपाय पोंचतो, व वीस आठवड्यांनंतर तो क्वचितच पोंचतो, हें आतां निश्चित झालें आहे. विषाणु मातेच्या रक्तांतून वारेंत व वारेंतून गर्भांत जातो, आणि ज्या आठवड्यांत जें इंद्रिय घडत असेल त्याची घडण बिघडवितो.

हें वाचून आपल्यापैकीं कित्येकांस सुश्रुताचें स्मरण होईल. सुश्रुताच्या शारीरस्थानांत मासानुमासिक गर्भवृद्धि सांगितली आहे. तिसऱ्या महिन्यांत हात, पाय व मस्तक यांचे पांच पिंड उत्पन्न होतात व अंगप्रत्यंगांचा विभाग सूक्ष्म रूपानें होतो, चौथ्यांत तो स्पष्ट होतो, असें तेथें म्हटलें आहे. चरकानेंही बीजाचा जो भाग उपतप्त होईल त्या भागापासून होणारें अंग विकृत होतें, असा सिद्धांत मांडिला आहे. हीं निरीक्षणें व हे तर्क सामान्य नव्हेत. सुश्रुत प्रसूतीसाठीं नेमावयाच्या स्त्रियांचीं लक्षणें देतांना त्यांचीं नखें कापलेलीं असावींत असेंही सांगतो. सूतिकाज्वराचा इतिहास ज्यानें वाचला आहे त्याला तेवढ्या एका विशेषणापुढें क्षणभर थांबावेंसें वाटतें. काश्यपसंहितेंत तर गर्भिणीच्या चिकित्सेस स्वतंत्र अध्याय असून तिच्या ज्वराचाही विचार केला आहे. या संहितेचें खंडित ताडपत्री पुस्तक नेपाळांत राजगुरु हेमराज शर्मा यांच्या संग्रहीं राहिलें, व त्यावरून १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागरांत ती छापली गेली. एक तुटकें पोथीपुस्तक कोणीं जपलें नसतें तर कौमारभृत्याचा हा ग्रंथ आपणांस नांवानेंच ठाऊक राहिला असता.

परंतु यावरून ‘रुबेलाचें ज्ञान आमच्या पूर्वजांस होतें’ असें म्हणणारे लेख जे अधूनमधून वाचनांत येतात, ते मला मान्य नाहींत. ग्रंथाचा मान ग्रंथांत जें आहे त्यानें राखावा. चरकाच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत गर्भास उपघात करणाऱ्या भावांची जी यादी आहे ती नीट पाहावी. उताणी निजणाऱ्या गर्भिणीच्या मुलाच्या गळ्यास नाळेचा वेढा बसतो. कलहशील स्त्रीचें मूल अपस्मारी होतें. नित्य मधुर खाणारीचें मूल प्रमेही, मुकें किंवा अतिस्थूल होतें. म्हणजे मुकेपणाचें कारण आईचें गोड खाणें! यादी लांब आहे व तींत बहुतेक ठिकाणीं दोष मातेच्या वर्तनाकडे येतो. सुश्रुत यापेक्षां थोडा उदार. दौहृदिनीचे डोहाळे न पुरविल्यास मूल कुबडें, थोटें, लंगडें, जड, खुजें, विकृत नेत्रांचें किंवा नेत्रहीन निपजतें, असें तो म्हणतो. तेथें निदान घरच्या मंडळींकडे तरी जबाबदारी जाते, व आपल्या समाजांत डोहाळजेवणाच्या रूपानें तिचा गोड अवशेष राहिला आहे. पण दोहोंतही बाहेरून आलेल्या, एकापासून दुसऱ्यास लागणाऱ्या, आईला स्वतःला जवळजवळ कांहींच न करणाऱ्या रोगानें गर्भ बिघडतो, ही कल्पना नाहीं. ती असणें शक्यही नव्हतें. एका वैद्याला एका आयुष्यांत अशा चार-पांच माता भेटतील, आणि चार-पांचांवरून तिथिवार मोजणी होत नाहीं.

शास्त्रीय ग्रंथाचें हें मत आणि घरोघरच्या बायकांच्या तोंडचें ‘ग्रहणांत काहींतरी चिरलें असेल’ हें मत, यांचा परिणाम मात्र एकच झाला आहे. व्यंग घेऊन मूल आलें कीं आईकडे बोट. ग्रेगच्या काळच्या पाश्चात्त्य वैद्यानें आईऐवजीं कुळाकडे बोट केलें, इतकाच फरक. आणि कुळ म्हटलें तरी पुढचीं स्थळें बंद व्हावयाचीं तीं त्याच घरच्या मुलींचीं. १९४१ मध्यें ज्या ६८ मातांनीं साक्ष दिली त्यांची साक्ष म्हणजे नकळत दिलेला स्वतःच्या निर्दोषित्वाचाही पुरावा होता. तो पुरावा टिकला, कारण त्याच्या मागें तारखा उभ्या राहिल्या.

आतां आपल्याकडील कागदांचा विचार. हिंदुस्थानच्या खानेसुमारींतही १८८१ पासून १९३१ पर्यंत वेडे, मुकेबहिरे, आंधळे व महारोगी यांची गणती वयवार होत असे, व मुंबई इलाख्याच्या खंडांत तीं कोष्टकें छापलेलीं आहेत. लँकेस्टरप्रमाणें तीं एकापुढें एक मांडून पाहावीं, असें कोणासही वाटेल. तथापि दोन अडचणी आहेत. पहिली ही कीं, आपल्या लोकांस आपलें वय नेमकें ठाऊक नसल्यामुळें तें पांचाच्या किंवा दहाच्या पटींत सांगितलें जाई. २०, ३०, ४० या वयांवर माणसांचे ढीग पडतात व मधलीं वयें रितीं राहतात. जन्मवर्षाचा बारीक उंचवटा अशा ढिगाऱ्यांत हरवतो. दुसरी अडचण रोगाच्या स्वभावांतली. ऑस्ट्रेलिया, आइसलंड अशा समुद्रानें वेढलेल्या विरळ वस्तीच्या देशांत हा रोग त्या काळीं बरीच वर्षें विसावा घेऊन मग एकदम पसरे. म्हणून तेथें मुक्याबहिऱ्यांचीं जन्मवर्षें डोंगर-दऱ्यांसारखीं दिसतात. आपल्या दाट वस्तींत तो बहुधा नेहमींच कोठें ना कोठें चालू. पुष्कळ मुलींस तो बाळपणींच होऊन जाई, व ज्यांना झाला नाहीं त्यांपैकीं कांहींना तो नेमका गरोदरपणीं गांठी. उंचवटा नाहीं म्हणजे अपाय नाहीं असें नव्हे. तो सर्व वर्षांवर सारखा पसरल्यामुळें कोणाच्या डोळ्यांत भरला नाहीं इतकेंच.

शाळांच्या पटांविषयीं माझा थोडा अनुभव आहे, तो सांगण्यास हरकत नाहीं. गांवच्या शाळेंत मूल दाखल करतांना बापाला जन्मतारीख विचारली असतां तो ‘मोठ्या पुरानंतरच्या आषाढांत’ असें उत्तर देई, आणि मास्तर शांतपणें १ जून ही तारीख लिहीत. महाराष्ट्रांतील शाळांच्या पटांवर १ जूनला जन्मलेलीं मुलें इतकीं आहेत कीं, एखाद्या परक्या संशोधकानें त्यावरून आमच्या विवाहकालाविषयीं प्रबंध लिहिला तरी नवल नाहीं. वर्ष मात्र सहसा एक-दोनांच्या फरकानें बरोबर असतें. मुंबईंत १८८५ च्या सुमारास मुक्याबहिऱ्यांची शाळा निघाली. हिंदुस्थानांतील ती या प्रकारची पहिली समजली जाते. अशा जुन्या संस्थांचे आरंभींचे पट जेथें जेथें असतील तेथें त्यांच्या नकला होणें अगत्याचें आहे. नकलेंत मुलांचीं नांवें गाळलीं तरी चालतील, जन्मवर्ष व जन्मगांव गाळूं नये.

पण या बाबतींत आपल्याजवळ एक साधन असें आहे जें ऑस्ट्रेलियाजवळ नव्हतें, व तें म्हणजे जन्मपत्रिका. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत पत्रिकांचे भेंडोळे असतात. फलज्योतिषावर ज्याचा विश्वास नाहीं तो संग्राहक ते बाजूला सारतो, आणि ज्याचा विश्वास आहे तो ग्रहांकडे पाहतो. दोघांनींही वरची ओळ पाहावी. शक, संवत्सर, मास, तिथि, वार व घटिका-पळें इतका नेमका जन्मकाल दुसऱ्या कोणत्याही कागदांत मिळत नाहीं. त्याच दप्तरांतील कौटुंबिक पत्रांत ‘चिरंजीवास वाचा फुटत नाहीं’, ‘दृष्टि अधू आहे’ अशा अर्थाचीं वाक्यें येतात. सुनेच्या अंगावर पुरळ उठून दोन दिवसांत निवळल्याचा मजकूर येतो. तीं पत्रें जन्मकालापासून मागें मोजून लावून पाहण्याजोगीं आहेत. अर्थात् एका घरच्या एका मुलावरून कांहीं ठरणार नाहीं. शिवाय आपल्या पत्रांत ‘गोवर’ हा शब्द खरा गोवर व जर्मन गोवर या दोहोंस सारखाच लाविलेला असावयाचा. तो वाचून घाईनें निर्णय देणें म्हणजे ‘पातशाहा’ शब्द दिसला कीं औरंगजेब समजण्यासारखें होईल. अनेक घराण्यांच्या याद्या एकत्र झाल्या, तरच त्यांतून कांहीं बोलेल.

वर्तमानाविषयीं एकच गोष्ट. हिंदुस्थानांत गोवर व रुबेला यांची एकत्र लस ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालील सर्व मुलांस देण्याची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्यें कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी, गोवा व लक्षद्वीप येथें सुरू झाली, आणि महाराष्ट्रांत ती नोव्हेंबर २०१८ मध्यें आली. त्या वेळीं शाळाशाळांतून वर्गवार याद्या तयार झाल्या. कोणत्या मुलास कोणत्या दिवशीं लस टोचली, हें त्यांत आहे. त्या याद्यांतील मुली येत्या दहा-पंधरा वर्षांत माता होतील. कांहीं याद्या अजून मुख्याध्यापकांच्या कपाटांत असतील. वार्षिक रद्दी निघते तेव्हां त्या गठ्ठ्यांत बांधल्या जाऊं नयेत, एवढी व्यवस्था ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं करावी.